घरची चटणी, घरची हळद आणि घरची मिसरी

होळी झाली, उन्हे चढू लागली की आपल्या सातारा-सांगली भागात गावोगावी एक ठरलेला आवाज सुरू होतो. मिरची कांडपाच्या डंकाचा. दुकानासमोर सकाळपासून डब्यांची रांग लागते, बायका पदराने नाक झाकून उभ्या असतात आणि त्या बोळातून जाणाऱ्याला शिंकेवर शिंका येतात. याच दिवसांत आमच्या दवाखान्यातही ठरावीक रुग्ण येऊ लागतात. एक म्हणजे दम्याचे. मिरचीच्या ठसक्याने त्यांना रात्रभर झोप लागत नाही. दुसऱ्या म्हणजे मिरच्यांचे देठ खुडून हाताची आग झालेल्या बायका. तासभर गार पाण्यात हात बुडवून बसतात, आग जात नाही म्हणून घाबरतात आणि येतात. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हाताला आधी गोडेतेल चोळावे, मग साबणाने धुवावे, आणि असे दोन-तीन वेळा करावे. देठ खुडायला बसण्याआधीच तेलाचा हात फिरवला तर निम्मा त्रास वाचतो. दमा असलेल्या बाईने या कामाला बसूच नये. ते घरातल्या पुरुषांना सांगावे. निदान सांगून तरी बघावे.

चटणीच्या निमित्ताने हल्ली एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बाजारात सगळ्यातच भेसळ. मग हळद, तिखट, मसाले, शिकेकाई, दंतमंजन, फरशी पुसायचे फिनेल हे सगळे घरीच केले तर काय वाईट? पैसेही वाचतील आणि रसायनेही पोटात जाणार नाहीत. विचारणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या सुनाही असतात आणि सुनेला हे पटवून देणाऱ्या सासवाही असतात.

माझे मत विचाराल तर, घरी जरूर करावे. पण ते 'नैसर्गिक' या शब्दाला भुलून करू नये. धोतऱ्याचे बी नैसर्गिकच असते. घरी करण्याचा खरा फायदा एवढाच, की कच्चा माल आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो, मोडून बघतो, हुंगतो आणि त्यात काय काय पडले हे आपल्याला ठाऊक असते. हा फायदा ज्या वस्तूत मिळतो ती घरी करावी. जिथे तो मिळत नाही तिथे 'घरचे आहे' या समाधानाला आरोग्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. उलट कधीकधी त्या समाधानातच घात असतो. त्याचे एक उदाहरण पुढे सविस्तर येणारच आहे.

आधी हळदीचे बघू, कारण हळद ही आपल्या घरची. सांगलीची हळदीची बाजारपेठ देशात नावाजलेली आहे, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. जुन्या माणसांना हरिपूरची पेवे आठवत असतील. कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचे; वर्षानुवर्षे हळद आत टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे पाण्याने खराब झाली. शेतातून निघालेले ओले कंद काहिलीत शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, आणि मग ढोलात घालून फिरवतात. त्याला पॉलिश म्हणतात. वरची खडबडीत साल निघून जाते आणि हळकुंड गुळगुळीत, पिवळेधमक दिसू लागते.

गोम आहे ती या पॉलिशमध्ये. घरी हळद करणाऱ्यांचा समज असा असतो की भेसळ फक्त पुडीतल्या हळदीत होते. हळकुंडे आणून दळली की आपण सुटलो. हे खरे नाही. हळकुंडाला चांगला रंग यावा म्हणून पॉलिश करतानाच रंग चोळता येतो. त्यासाठी जगात सर्वांत घातक जो रंग वापरला गेला त्याचे नाव लेड क्रोमेट. हा पिवळाजर्द रंग मुळात रंगकामाचा, आणि त्यात शिसे असते. हळकुंडाला तो चोळलेला असेल तर तुम्ही ते घरी दळा की गिरणीत दळा, शिसे पिठात उतरणारच.

हे कोठे घडले, तर शेजारच्या बांगला देशात. तेथे ऐंशीच्या दशकात एका मोठ्या पुरात हळद भिजली, तिचा रंग उतरला, गिऱ्हाईक घेईना, म्हणून पॉलिश करणाऱ्यांनी तो पिवळा रंग चोळायला सुरुवात केली, आणि पुढे तीच रीत पडून गेली, असे संशोधकांना आढळले. २०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा तिथल्या बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसे निघाले. मग सरकारने छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या नमुन्यांत ते सापडेनासे झाले. दोन वर्षांत! मनावर घेतले तर भेसळ थांबते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आपल्याकडची गोष्ट मात्र संपलेली नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतल्या तेवीस शहरांतून गोळा केलेल्या हळदीची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पाटणा, कराची आणि पेशावर येथे अतिशय जास्त शिशाचे नमुने मिळाले.

सांगलीच्या हळदीवर संशय घ्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या भागातला शेतकरी घरी खायला जी हळद ठेवतो ती बहुधा बिनपॉलिशची असते, आणि ती उत्तम असते. सांगायचे आहे ते हे, की हळद दिसायला जितकी झगझगीत तितकी चांगली, हा आपला हट्टच या भेसळीचा बाप आहे. गिऱ्हाइकाने मळकट हळकुंड मागितले तर रंग चोळणार कोण?

शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. मूल हुशारीत मागे पडते, चिडचिडे होते, त्याच्या अंगात रक्त कमी राहते, आणि बाहेरून काही दिसत नाही. झालेले नुकसान भरून येत नाही. अमुक इतके शिसे पोटात गेले तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. आणि हळद तर आपल्याकडे रोज, प्रत्येक भाजीत, वरणात पडते.

म्हणून हळकुंडे घेताना बिनपॉलिशची किंवा कमी पॉलिशची, मातकट रंगाची घ्यावीत. एक मोडून पाहावे. चांगले वाळलेले हळकुंड खट्कन मोडते आणि आत नारिंगीकडे झुकणारा पिवळा रंग दिसतो. बाहेरचा पिवळा आतल्यापेक्षा भडक दिसला तर ते हळकुंड घेऊ नये. दोन-तीन हळकुंडे पाण्याच्या पेल्यात टाकावीत. लगेच पाणी पिवळे झाले तर वर रंग चोळलेला असण्याची दाट शंका घ्यावी. निव्वळ हळकुंड असा चटकन रंग सोडत नाही. तयार पूड असेल तर चमचाभर पाण्यात सोडून ढवळू नये. चांगली हळद तळाला बसताना पाण्याला फिकट पिवळेपणा येतो, रंगाच्या हळदीने पाणी गडद पिवळे होते. ही घरगुती पारख आहे, प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. थोडे शिसे असेल तर ते या पेल्यात दिसणार नाही. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळद एकदम घेणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग, आणि तो स्वस्तही पडतो. पाच माणसांच्या घराला वर्षाला लागून लागून लागते किती? दीड-दोन किलो. चार शेजारणींनी मिळून घेतली तर गिरणीवालाही तुमच्या मालासाठी जाते पुसून देतो. आधी तिथे काय दळले होते ते विचारायला मात्र लाजू नये.

तिखटाचेही असेच आहे. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान नावाचा लाल रंग सापडला, तो रंग खाण्यासाठी बंदी असलेला, आणि तिकडे मोठा गहजब झाला. इथल्या तिखटाची एवढी तपासणी कोण करतो? त्यामुळे ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून घरी निवडून कांडून घेणे मला शंभर टक्के पटते. मात्र निवडणे हा शब्द महत्त्वाचा. मिरची ओलसर राहिली, की तिच्या पोटात बुरशी धरते. वरून मिरची लाल, मोडून पाहिली तर आत करडी-काळी. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताला मारक असते. भाजून, तळून, उकळून ते पुरते जात नाही. शेंगदाणे आणि खोबरे यांनाही हाच नियम. खवट किंवा कुबट वासाची खोबऱ्याची वाटी 'मसाल्यात खपून जाईल' म्हणून घालणारी घरे मी पाहिली आहेत. तीस-चाळीस रुपयांच्या खोबऱ्यासाठी वर्षभराचा मसाला कशाला बिघडवायचा?

आमच्या कांदा-लसूण मसाल्याबद्दल तर मी पक्षपातीच आहे. भाकरीबरोबर तेल आणि हा मसाला मिळाला तर मला भाजीची आठवण होत नाही. बाहेरच्या लोकांना नुसती 'चटणी' म्हटले की ओली चटणी वाटते. आपल्याकडे चटणी म्हणजे हीच. धने, तीळ, खसखस, दगडफूल, सुके खोबरे, लालभडक तळलेला कांदा, लसणाच्या गड्ड्या, आणि ते सगळे मिरचीबरोबर डंकावर. ही चटणी पाकिटातल्या मसाल्यापेक्षा कितीतरी सरस, आणि हिशेब केला तर स्वस्तही. यात आरोग्याचे दोन मुद्दे आहेत. कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळला गेला पाहिजे, नाहीतर त्यातले पाणी राहते आणि पावसाळ्यात बरणीत बुरशी येते. दुसरा मुद्दा मिठाचा, आणि तो मोठा आहे.

किलोभर मिरचीला पावशेरापासून अर्धा किलोपर्यंत मीठ घालायची पद्धत घरोघरी आहे. त्यात भाजीत वेगळे मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, वर लोणचे, वर पापड. पापडात मीठ तर असतेच, शिवाय पापडखार असतो, तोही सोडियमच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सगळे मिळून एक सपाट चहाचा चमचा. आपल्याकडे रक्तदाबाचा रुग्ण मला छातीवर हात ठेवून सांगतो, "डॉक्टर, बाहेरचं काय खात न्हाई, सगळं घरचंच." आणि घरच्या ताटात काय असते, तर ठेचा, चटणी, कैरीचे लोणचे आणि दोन पापड. त्याचा रक्तदाब गोळ्यांनी उतरत नाही तेव्हा तो गोळीला दोष देतो. मीठ घरचे असो की पाकिटातले, ते शरीरात जाऊन तेच करते. मसाला टिकतो तो मुख्यतः कोरडेपणाने आणि तेलाने. तेव्हा मीठ निम्मे करा, मसाला वर्षाचा एकदम न करता सहा महिन्यांचा करा, आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. हिंगाचा खडा वर ठेवायची जुनी रीत आहे, ठेवायची तर ठेवा. ओला चमचा मात्र आत जाता कामा नये.

मिठावरून आठवले. आयोडीन नको, रसायन नको, म्हणून खडे मीठ किंवा शेंदे मीठच स्वयंपाकाला वापरायचे, अशी एक टूम निघाली आहे. लोणच्यापुरते खडे मीठ वापरले तर काही बिघडत नाही. पण रोजच्या स्वयंपाकातले आयोडीनचे मीठ बंद करू नये, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. आयोडीन कमी पडले तर पोटातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ सालापासून देशभर बंदी आहे, ती काही उगाच घातलेली नाही.

शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची वाळलेली साल हे कांडून केसांना लावायला काहीच हरकत नाही. वर्षाची शिकेकाई एका रविवारी होते आणि शांपूच्या पुड्यांपेक्षा नक्कीच स्वस्त पडते. डोळ्यांत जाऊ देऊ नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगली दोन दिवस लाली राहते. बाळाच्या डोक्याला रिठा लावू नये. भांड्यांना राख आणि तांब्याला चिंच लागतेच, त्याबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही. कोणी कोणी लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस आणतात आणि त्याने फरशी घासतात. फेस छान येतो, पण एक आंबट आणि एक खारट मिळून दोघांचाही जोर संपतो. वेगवेगळे वापरा, उपयोग होईल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिकडे येतो.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावातली साठीची मावशी माझ्याकडे आली. जेवताना तोंड पोळते, तिखट लागत नाही, अशी तक्रार. ही बाई म्हणजे घरी सगळे करण्यातली आदर्श. हळद घरची, चटणी घरची, शेवया घरच्या, तूप घरचे. साबणही कधी विकत घेतला नसेल, अशी काटकसरी. तोंड उघडून बघितले तर खालच्या हिरडीच्या बाजूला, गालाच्या आत, पांढरा जाड चट्टा. मी विचारले, "मावशी, मिसरी लावता?" त्यावर ती जरा ओशाळली आणि मग तिने जे उत्तर दिले ते मी विसरलो नाही. "लावते की. पर इकतची न्हाई हां डॉक्टर. घरीच भाजते. चांगली तंबाकू आणून."

ज्या तव्यावर ती धने भाजत होती त्याच तव्यावर, त्याच निगुतीने, ती तंबाखू काळी होईपर्यंत भाजत होती आणि कुटून डबीत भरत होती. घरची, ताजी, निर्भेळ, आणि पुडीपेक्षा स्वस्त. वर ज्या ज्या कारणांसाठी मी घरी करा म्हणून सांगितले ती सगळी कारणे तिच्या मिसरीला लागू होती. फक्त मूळ माल तंबाखू होता.

आपल्या भागात मिसरी किंवा मशेरी हे व्यसन मानलेच जात नाही. विडी ओढणारी बाई दिसली तर गाव बोलेल. मिसरी लावणारी सासू दारात बसून लावते आणि सुनेला 'दात दुखतोय तर लाव जरा' म्हणून देते. कित्येक घरांत ही सवय बाळंतपणात लागते. पोट साफ होत नाही, दात शिवशिवतात, मग चिमूटभर. तंबाखू भाजल्याने तिच्यातले निकोटीन नाहीसे होत नाही. कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये तंबाखूत असतातच, भाजताना धुरातल्यासारखी आणखी काही तयार होतात. हिरडीवर बोट फिरवत दहा मिनिटे बसले की ते सगळे तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात जाते. दात दुखायचे थांबतात ते तेवढ्यापुरते, कारण निकोटीनमुळे हिरडी बधिर होते. कीड आत चालूच राहते.

मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या बायकांत बहुतेक जणी मिसरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी शंभर ग्रॅमच्या वर कमी भरले, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. आधीच अडीच किलोच्या आतबाहेर असलेल्या आपल्या बाळांना शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे बालरोगतज्ज्ञाला विचारा. घरातल्या डिंकाच्या लाडवांनी जे कमवायचे ते डबीतल्या चिमटीने घालवायचे, असा हा प्रकार आहे.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालीच बंदी झाली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण आपल्या चुलीवर आपण भाजलेल्या मिसरीला कोणता कायदा आडवा येणार? तिथे अन्न निरीक्षक येत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातली साधारण चारांपैकी एक प्रौढ व्यक्ती अशी बिनधुराची तंबाखू वापरणारी निघाली. आता आपल्या गल्लीतली घरे डोळ्यांपुढे आणा.

दातांना काय लावावे, हा प्रश्न मग येतोच. साधी पेस्ट आणि मऊ ब्रश, हे उत्तर कोणाला आवडत नाही कारण ते विकतचे आहे. कडुलिंबाची काडी चालेल, पण ती नीट चावून, मऊ करून, हिरडीला न खुपवता. गेरू, विटेचा भुगा, कोळसा, रांगोळी यांची मंजने करू नयेत. ती दातावरचे कवच झिजवतात आणि मग दात शिवशिवतात, आणि मग कोणीतरी म्हणते, मिसरी लाव. मीठ आणि मोहरीचे तेल बोटाने हिरडीला चोळले तर हरकत नाही, पण ते ब्रशऐवजी नव्हे.

मिसरी सोडणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. पहिले आठ-दहा दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. त्या दिवसांत बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी, पाणी भरपूर प्यावे, सकाळची मिसरीची जी ठरलेली जागा आणि वेळ असते ती मोडावी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे. आणि सोडा वा न सोडा, महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अजिबात न सोसणे, यांतले काहीही दिसले तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. म्हणून तर बायका उशिरा येतात.

घरी केलेल्या आणखी एका वस्तूबद्दल बोलायला हवे. फिनेल. तयार अर्क आणायचा, त्यात पाणी घालायचे, पाच लिटर फिनेल स्वस्तात होते. होऊ द्या. पण ते भरतात कशात? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. एका उन्हाळ्यात आजोळी आलेल्या पाच वर्षांच्या मुलाने मोरीजवळची अशी बाटली तोंडाला लावली. आजीने घाबरून मिठाचे पाणी पाजून त्याला ओकायला लावले. ओकताना ते फुप्फुसात गेले आणि मूल आठवडाभर दवाखान्यात पडून राहिले. वाचले, हे नशीब. फिनेल, रॉकेल, ॲसिड यांतले काहीही पोटात गेले तर ओकायला लावू नये; बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत असली वस्तू भरायचीच नाही. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून घरगुती 'जोरदार' औषध करणारेही भेटतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो. कृष्णा-वारणेला पूर येऊन गेला की घरे धुताना ही चूक हमखास होते. २०१९ च्या पुरानंतर घरे स्वच्छ करताना तर ब्लीचिंग पावडर घरोघरी होती.

पैशांचे विचारलेत तर, हळद, तिखट, मसाला, शिकेकाई आणि सायीचे तूप यांत बचत नक्की होते. बाकीच्यात ती दिसते तेवढी नसते, कारण बाईचे दिवस आपण हिशेबात धरत नाही. सहा किलो मिरची निवडणे, वाळवणे, भाजणे, डंकावर नंबर लावणे हे तीन-चार दिवसांचे काम आहे. ज्या घरात नोकरी करणारी सून ते रविवारी एकटीने करते तिथे 'घरचे स्वस्त पडते' हे वाक्य मला जरा खोटे वाटते. तिला जमत नसेल तर गावातल्या बचत गटाकडून करून घ्यावे. मिरची आपण घेऊन द्यावी, निवडताना एकदा जाऊन बघावे आणि त्यांना मजुरी रोख द्यावी. विकणारा गट असेल तर त्यांच्याकडे अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आहे का, हेही विचारावे. त्यात अपमान काही नाही.

त्या मावशीच्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला होता. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवर होता. दर तीन महिन्यांनी दाखवायला ये म्हणून सांगितले, आणि ती येते. यंदा पाडव्याच्या आधी आली ती स्टीलचा डबा घेऊन. "मीठ कमी घातलंय बघा, तुमच्या सांगन्यावरनं." मी तोंड तपासले. चट्टा पातळ झाला आहे, गेलेला नाही. मिसरीचे विचारल्यावर तिने डब्याकडे बघत सांगितले, की दिवसाला चार वेळची आता एकदाच आहे, सकाळची. पुढची तारीख आषाढातली दिली आहे.